दोन इंटरनेट लाइन असलेल्या मेल सर्व्हरचे राउटिंग

लिनक्सवरील मेल सर्व्हरला दुसऱ्या कंपनीची इंटरनेट लाइन जोडल्यावर एक लक्षण हमखास दिसते: बाहेरून दुसऱ्या लाइनच्या पत्त्यावर मेलच्या २५ क्रमांकाच्या पोर्टला जोडणी केली, तर विनंती सर्व्हरपर्यंत पोहोचते, पण उत्तर परत येत नाही. कर्नल (लिनक्सचा गाभा) उत्तराची वाट मुख्यतः पॅकेट कोठे जायचे आहे ते पाहून ठरवतो. त्यामुळे उत्तर मुख्य राउटिंग टेबलातील (मार्गांच्या यादीतील) डीफॉल्ट गेटवेने, म्हणजे पहिल्या लाइनने बाहेर पडते, आणि पहिली कंपनी परक्या स्रोत-पत्त्याचे पॅकेट बहुधा टाकून देते.

यावर उपाय म्हणजे स्रोत-पत्त्यानुसार राउटिंग. उदाहरणासाठी पहिल्या लाइनचा पत्ता २०३.०.११३.१० आणि दुसरीचा १९८.५१.१००.१० धरू. आयपी-राउट-टू या आज्ञा-संचातील आरटी-टेबल्स या फायलीत १०१ आणि १०२ क्रमांकांची दोन टेबले नोंदवावीत (२५३ ते २५५ हे क्रमांक आधीच राखीव आहेत). प्रत्येक टेबलात त्या लाइनचे स्वतःचे सबनेट (पत्त्यांचा गट) आणि तिच्या गेटवेचा डीफॉल्ट मार्ग घालावा. मग ‘आयपी रूल’ आज्ञेने पहिल्या पत्त्यावरून निघणारे पॅकेट १०१ कडे आणि दुसऱ्यावरून निघणारे १०२ कडे वळवावे. मुख्य टेबलाच्या नियमाचा अग्रक्रम ३२७६६ असतो, आपल्या नियमांचा त्याहून लहान हवा, म्हणजे ते आधी तपासले जातात. कार्यालयातील अंतर्गत नेटवर्कचा मार्गही दोन्ही टेबलांत घालावा, कारण तो राहून गेला तर आतल्या संगणकांना द्यायची उत्तरे थेट इंटरनेट गेटवेकडे जातात.

‘आयपी राउट गेट’ या आज्ञेला दूरचा एखादा पत्ता आणि ‘फ्रॉम’नंतर आपला स्रोत-पत्ता दिला, की कोणता गेटवे निवडला जातो ते लगेच कळते.

बाहेर जाणाऱ्या मेलची गोष्ट निराळी आहे. दोन्ही लाइनवर भार विभागण्याचा मोह मेलपुरता तरी टाळावा असे माझे मत आहे, कारण समोरचा सर्व्हर आपला पत्ता, त्याची पीटीआर नोंद (पत्त्यावरून नाव सांगणारी डीएनएस नोंद), एसपीएफ (डोमेनचे मेल कोणत्या पत्त्यांवरून येऊ शकते ते सांगणारी नोंद) आणि हेलोमधील, म्हणजे जोडणीच्या सुरुवातीला सर्व्हर सांगतो ते, नाव पडताळून पाहतो. पोस्टफिक्स या मेल सर्व्हरच्या प्रोग्राममध्ये एसएमटीपी बाइंड अ‍ॅड्रेस देऊन एकच पत्ता पक्का करावा, मात्र एसपीएफमध्ये दोन्ही पत्ते लिहावेत. पीटीआर नोंद सहसा लाइन देणाऱ्या कंपनीकडूनच करून घ्यावी लागते. येणाऱ्या मेलसाठी दोन एमएक्स नोंदी (डोमेनचे मेल कोणत्या सर्व्हरला द्यायचे ते सांगणाऱ्या डीएनएस नोंदी) पुरेशा आहेत. लहान आकड्याच्या नोंदीला प्राधान्य मिळते.

पहिली लाइन बंद पडल्यावर मुख्य टेबलातील डीफॉल्ट मार्ग बदलून भागेल असे अनेकांना वाटते, पण बाइंड केलेला पत्ता पहिल्या लाइनचाच असल्याने नियमानुसार पॅकेट १०१ मध्येच जाऊन अडकते. तेव्हा लाइनवर पाळत ठेवणाऱ्या स्क्रिप्टने बाइंड पत्ताही बदलून पोस्टफिक्स रीलोड केले पाहिजे. शिवाय केबल जोडलेली असून पलीकडचे जाळे बंद असेल, तर कर्नलला ते समजत नाही. म्हणून गेटवेला नव्हे, तर त्यापलीकडच्या पत्त्याला त्याच लाइनवरून पिंग करावे. लाइन काही तासच बंद राहत असेल, तर एवढा खटाटोप न केलेलाच बरा, कारण पोस्टफिक्स न गेलेले मेल मूळ मांडणीनुसार ५ दिवस रांगेत ठेवून पुन्हा पुन्हा पाठवून पाहतो.

हाताने दिलेले नियम सर्व्हर रीस्टार्ट होताच पुसले जातात. चाचणी झाल्यावर ते नेटवर्कची मांडणी सांभाळणाऱ्या नेटप्लॅन किंवा सिस्टमडी-नेटवर्कडी यांच्या फायलीत लिहावेत.