जुन्या मोटारीचा फ्यूज घेताना काचेवरचा आकडा नीट वाचा

मॉरिस मायनरसारख्या जुन्या ब्रिटिश गाडीत '३५ अँपिअर' लिहिलेला फ्यूज दिसला, म्हणून बाजारातून ३५चाच आणू नका. या गाड्यांचे विजेचे भाग बनवणारी ल्यूकस कंपनी काचेच्या फ्यूजवर तो ज्या प्रवाहाला वितळतो तो आकडा छापत असे. सतत वाहायला तो जेमतेम १७ अँपिअरचाच. अमेरिकी पद्धतीच्या काचेच्या फ्यूजवर मात्र सतत वाहणारा प्रवाह लिहितात. तो ३५चा बसवलात तर फ्यूज शाबूत राहील आणि गाडीतली वायर जळेल! अशा जागी १५ ते २०च्या दरम्यानचा घ्या.

फोर्डच्या मॉडेल ए गाडीला (१९२८ ते १९३१) कारखान्यातून फ्यूजच नव्हता. स्टार्टर स्विचच्या ज्या टोकावरून बाकी वायरिंगला वीज जाते, तिथे ३० अँपिअरचा एक फ्यूज जरूर बसवा. स्टार्टरची जाड केबल मात्र त्यातून नेऊ नका. ती शेकडो अँपिअर ओढते.

गाडी ६ व्होल्टची असेल तर हिशेब वेगळा. ३५ वॉटचे दोन हेडलाइट १२ व्होल्टवर साधारण ६ अँपिअर घेतात, ६ व्होल्टवर जवळपास १२.

आणि फ्यूज सारखा उडत असेल, तर मोठा टाकण्याआधी वायर हातात घेऊन पाहा. इतक्या वर्षांत कापडी वेष्टन सुकून तडकलेलं असतं, आणि पत्र्याच्या भोकातून जाते तिथेच ती बहुधा उघडी पडलेली सापडते.