मलाकालला येणाऱ्या नागपूर-कामठीच्या जवानांसाठी

भावांनो, मी २०१५ साली संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत पलटणीसोबत दक्षिण सुदानात उतरलो; मलाकाल हे तिथलंच एक शहर. पेन्शनीत निघाल्यावर इथल्या राजधानीत, जुबातच एका गोदामात नोकरी धरली. दर नव्या तुकडीत आपल्याकडची दोन-चार पोरं भेटतात आणि माझीच चूक परत करतात, म्हणून लिहितो.

मलेरियाची गोळी चुकवू नका. डॉक्सीसायक्लिन रोज घ्यायची, जेवण झाल्यावर, गिलासभर पाण्यासोबत. घेऊन लगेच आडवं व्हायचं नाही, छातीत जळजळ होते. मुलूख सोडल्यावरही ४ आठवडे चालू ठेवायची. मी सुटीवर घरी आलो आणि पहिल्याच दिवशी डबी ट्रंकेत टाकली. बाराव्या दिवशी हुडहुडी भरून ताप आला. ऑगस्ट महिना, मोहल्ल्यात घरोघरी डेंग्यू. डॉक्टरांनी तेच धरून औषध दिलं. आफ्रिकेतून आलोय हे मी सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही. चौथ्या दिवशी मी बायकोला ओळखेना. मेंदूचा मलेरिया निघाला. आठ दिवस ती अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर बसून होती. तेव्हा घरच्यांना निघण्याआधीच सांगून ठेवा: सुटीत ताप आला तर दवाखान्यात पहिलं वाक्य हेच, "हे दक्षिण सुदानहून आलेत, मलेरिया तपासा."

पिवळ्या तापाची लस निदान १० दिवस आधी घ्या; लस घेतल्याचा दाखला, म्हणजे पिवळं कार्ड, पासपोर्टजवळ ठेवा.

ऊन तुम्हाला नवीन नाही. पण मलेरियाच्या या गोळीने कातडी लवकर भाजते, बाह्या खाली असू द्या. मातीही ओळखीची वाटेल. मलाकालची जमीन आपल्या कपाशीच्या रानासारखी काळी. उन्हाळ्यात हात जाईल अशा भेगा, आणि एक सर पडली की पावलागणिक बूट जड होतो. मुरमाचा रस्ता सोडून गाडी खाली घातली की रुतलीच. रुतलेली गाडी म्हणजे उभं निशाण. २०१३ च्या एप्रिलमध्ये इथल्याच जोंगलेई राज्यात शांतिसेनेच्या ताफ्यावर दबा धरून हल्ला झाला, आपले ५ जवान गेले. निळी टोपी आणि पांढरी गाडी पाहून कोणी गोळी चालवणार नाही, असं मनातही आणू नका.

विमानतळ, पूल, सैनिक यांचे फोटो काढायचे नाहीत.

इथली माणसं हात हातात धरून आधी घरच्यांची, गुरांची खुशाली विचारतात, मग कामाचं बोलतात. घाई करू नका. आपल्यातले काही जण त्यांना हिंदी कळत नाही असं समजून त्यांच्या रंगावरून बोलतात. मला त्याची फार लाज वाटते. शब्द कळले नाहीत तरी हसणं कळतं, आणि ज्यांची घरं दोनदा-तीनदा जळाली त्यांच्यासमोर तर तोंड सांभाळूनच बोलावं.

जुबाचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे आहे. इथे रात्री नऊला फोन लावला तर नागपुरात साडेबारा वाजलेले असतात आणि आई घाबरून उठते. संध्याकाळी पाचला लावा.