पेटीविना खर्ज: ओपन बॅफल वूफर घरी कसा बांधावा

वूफर, म्हणजे खर्जाचा स्पीकर, नुसता हातात धरून गाणं लावा. त्याचा कोन, म्हणजे पुढचा शंकूसारखा पडदा, थरथरताना दिसतो, पण खर्ज जवळपास येतच नाही. आता जाड खोक्याच्या पुठ्ठ्याला भोक पाडून त्यावर तोच वूफर टेकवा. आवाजात लगेच भर येते. कोन पुढे हवा ढकलतो तेव्हा मागे ती ओढतो. उघड्या वूफरमध्ये या दोन्ही लहरी कडेवरून वळून एकमेकींना मारतात. फळीमुळे त्यांची वाट लांबते, म्हणून थोडा खर्ज हाती लागतो.

मग मागची लहर कोंडणारी स्पीकरची पेटीच का नको? ओपन बॅफल म्हणजे पेटीऐवजी उघड्या फळीवर बसवलेला वूफर. त्याचा आवाज पुढे आणि मागे जातो, बाजूंना फारसा जात नाही. त्यामुळे बाजूच्या भिंती कमी छेडल्या जातात आणि खोली कमी घुमते. पखवाजाच्या कणीक लावलेल्या तोंडावरची थाप नुसता धप्प आवाज न होता सुरात ऐकू येते. मला हे फार मोलाचं वाटतं.

आधी वूफर निवडा. डाव्या-उजव्या दर बाजूला एक १५ इंची, नाहीतर दोन १२ इंची. क्यूटीएस (कोनची थरथर किती आवरली जाते ते सांगणारा माहितीपत्रकातला आकडा) ०.७ च्या आसपास असावा आणि कोनला मागेपुढे सरकायला भरपूर वाव असावा. कार सबवूफर सहसा पेटीसाठीच बनवलेले असतात, ते टाळा.

मग एच-फ्रेम. १८ मिमी प्लायवूडचा ४० सेंमी खोल चौकोनी बोगदा करा, पुढून-मागून उघडा, आणि वूफरची फळी बरोबर मध्ये बसवा. भोकाचं माप वूफरच्या माहितीपत्रकातूनच घ्या. लाकडी स्क्रू कालांतराने ढिले होतात, टी-नट, म्हणजे लाकडात ठोकून बसवायचे दातेरी नट, लावा. तळ जड ठेवा, नाहीतर कोनच्या धक्क्याने फ्रेमच डुलते.

वूफरला वेगळा अ‍ॅम्प्लिफायर आणि डीएसपी (आवाजाचा हवा तो भाग कमी-जास्त करणारं डिजिटल यंत्र) हवाच. क्रॉसओव्हर, म्हणजे वूफर आणि वरचे सूर वाजवणारा स्पीकर यांच्यातली सीमा, १०० हर्ट्झजवळ ठेवा. ४० सेंमी खोल फ्रेमचा आवाज साधारण १५० हर्ट्झच्या खाली दर सप्तकाला ६ डेसिबलने उतरतो. तो डीएसपीने उचलायचा, पण हात राखून: १२ डेसिबल उचललं की १६ पट वॅट लागतात. तेवढाच आवाज एक सप्तक खाली हवा असेल तर कोनला आठपट सरकावं लागतं. म्हणून २५-३० हर्ट्झच्या खालचं सगळं कापून टाका. जोरात वाजवताना टक् असा आवाज आला तर कोनमागची तारेची गुंडाळी (कॉइल) आपटते आहे, लगेच आवाज कमी करा.

शेवटी जागा. मागच्या भिंतीपासून निदान एक मीटर अंतर हवं. छोट्या हॉलमध्ये हे जड जातं, पण इथे तडजोड केली तर खर्ज पुन्हा पातळ होतो. बसायच्या जागी माइक ठेवून आरईडब्ल्यू या मोफत सॉफ्टवेअरने मोजा. फ्रेम १५-१५ सेंमी सरकवून पुन्हा मोजा आणि जागा पक्की झाल्यावरच डीएसपीला शेवटचा हात लावा.