मोठं झाड घ्यायचंय? आधी हुंडी बघा, मग फांद्या

मृगाचा एखादा दमदार पाऊस झाला की रोपवाटिकांच्या दारात टेम्पो उभे राहू लागतात. पुणे-सोलापूर रस्त्यावर उरुळी कांचन, सोरतापवाडीच्या पट्ट्यात तर या दिवसांत सकाळपासून वर्दळ असते. अलीकडे पिशवीतल्या रोपांपेक्षा दहा-बारा फुटी तयार झाडांची चौकशी जास्त होते. शेतघराची वास्तुशांत आहे, कृषी पर्यटन सुरू करायचंय, अंगणात लग्न आहे, सावली यंदाच हवी. यात गैर काहीच नाही. पण हजारो रुपये मोजून आणलेलं झाड दुसरा उन्हाळा बघत नाही, हे मी दर वर्षी बघतो, आणि जीव तुटतो. चूक जवळपास प्रत्येक वेळी जमिनीखाली झालेली असते, आणि आपण शोधतो ती पानांवर.

झाडाची अन्नपाणी घेणारी बहुतेक मुळं वरच्या दीड-दोन फुटांच्या मातीत असतात आणि फांद्यांच्या घेराच्या बरीच बाहेर पसरलेली असतात. असं झाड भुईतून उचललं की त्याची बहुतांश मुळं मागेच राहतात. आपल्याला मिळते ती बुंध्याभोवतीची हुंडी, म्हणजे मातीचा गोळा, आणि तिच्यात उरलेली थोडी मुळं. वर बारा फुटांचा पसारा आणि खाली एवढंसं मूळ, असा संसार त्याला वर्षभर तरी रेटायचा असतो. म्हणून खरेदी करताना उंचीचे पैसे मोजू नका, मुळांचे मोजा.

खरेदीच्या वेळी

पहिला प्रश्न विचारायचा तो हा : झाड भुईतून कधी काढलं? किमान एक पूर्ण पावसाळा ड्रममध्ये किंवा मोठ्या पिशवीत घालवलेलं, म्हणजे रोपवाटिकेच्या भाषेत ‘सेट झालेलं’ झाड घ्यावं. मागच्या महिन्यात काढून गोणीत बांधलेलं झाड स्वस्त मिळतं. पण तो धोका तुमच्या डोक्यावर असतो.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण बहुतेक लोक इथेच फसतात. नुकतं काढलेलं झाडही महिन्याभरात कोवळी पालवी फोडतं. विकणाराही ती हौसेने दाखवतो. पण ती पालवी नव्या मुळांच्या जोरावर आलेली असेलच असं नाही. खोडात आणि फांद्यांत साठवलेल्या अन्नावरही झाड एकदा फुटतं. साठा संपला आणि खाली मूळ धरलेलं नसलं, की तीच पालवी दोन-तीन महिन्यांत मरगळते, टोकाकडून काळी पडते. म्हणून पालवी किती आहे यापेक्षा ती जुनी झाली आहे का, ते बघा. पानं पूर्ण आकाराची, जाडसर, गडद हिरवी झालेली हवीत आणि त्यांच्यावर दुसरा फुटवा आलेला हवा.

मग झाडाचं खोड छातीच्या उंचीवर धरून हळूच हलवा. खोड आणि माती एकत्र डोलली तर मुळांनी माती धरलेली आहे. खोड आधी हललं आणि बुंध्याशी मातीत भेग पडली, तर झाड अलीकडेच खोचलेलं आहे. नखाने साल किंचित खरवडा, आत हिरवं आणि ओलसर दिसायला हवं. ड्रमच्या तळाची भोकं बघा. तिथून अंगठ्याएवढी मुळं बाहेर येऊन जमिनीत शिरली असतील तर उचलताना ती तुटणारच. शक्य असेल तर पिशवी थोडी उकलून बाजू बघा. मुळं कडेने गोल गोल फिरून जाळं झालेलं असेल तर ते झाड तिथेच सोडा. अशी मुळं पुढे जाड होतात आणि बुंध्यालाच फास देतात. झाड आठ-दहा वर्षांचं होऊन एखाद्या वादळात मुळासकट आडवं होतं.

हुंडीचा हिशेब साधा आहे. जमिनीपासून वीतभर वर खोडाची जाडी मोजा. भुईतून काढलेल्या झाडाला त्याच्या दहा ते बारा पट रुंद हुंडी हवी. म्हणजे ३ इंच जाडीच्या खोडाला अडीच ते तीन फूट. अडीच फूट रुंद आणि दीड फूट खोल हुंडी ओल्या मातीसह साडेतीनशे किलोच्या घरात जाते. चार माणसांनी खोडाला धरून ती उतरवायची म्हटलं तर हुंडी फुटणारच. तेव्हा हायड्रा (छोटी क्रेन) किंवा साखळी-पुली कुठून आणायची, ती गाडी तुमच्या रस्त्याने आत येईल का आणि वर विजेच्या तारा आहेत का, हे सौदा करण्याआधी बघून घ्या. उचलताना पट्टा हुंडीखालून घ्यायचा, खोडाला नाही.

कोणतं झाड मोठं आणावं, कोणतं आणू नये

देवचाफा, ज्याला कुणी खुरचाफा म्हणतं, तो या कामात सगळ्यांत सोशिक. जुनं झाडसुद्धा हलवता येतं. उलट त्याचा शत्रू पाणी. तुटलेल्या जागी चीक वाळेपर्यंत आठ-दहा दिवस सावलीत कोरडं ठेवावं आणि मुरमाड, निचऱ्याच्या जागीच लावावं. तामण हे आपलं राज्यपुष्प. कोकणात ओढ्याकाठी आपसूक वाढणारं, त्यामुळे थोडी ओल सहन करतं आणि ड्रममधलं सहा-आठ फुटी झाड बऱ्यापैकी लागतं. बकुळ सावकाश वाढते, म्हणून तिच्यासाठी जास्त पैसे मोजणं मला पटतं.

बहाव्याच्या बाबतीत मात्र मी स्पष्ट सांगतो : मोठा बहावा भुईतून काढून आणू नका. त्याचं सोटमूळ खोल जातं, ते तुटलं की झाड क्वचितच सावरतं. पिशवीतलं दोन-तीन फुटांचं रोप लावा. निगा राखली तर साधारण पाच ते आठ वर्षांत वैशाखात अंगण पिवळं करेल. सोनचाफ्याची मुळं मऊ आणि ठिसूळ असतात. तोही ड्रममध्येच वाढलेला घ्यावा. पामची गोष्ट निराळी. त्याला एकच शेंडा असतो, तो दुखावला की झाड संपलं. प्रवासात झावळ्या वर बांधून शेंडा झाकून न्या आणि खोडाला जखम होऊ देऊ नका. पामच्या खोडाची जखम भरून येत नाही, शिवाय ताज्या जखमेकडे सोंड्या भुंगा येतो. गुलमोहर घराच्या भिंतीजवळ नको. लाकूड ठिसूळ, मुळं वरवरची. वड-पिंपळाच्या जातीचं कोणतंही झाड घर, विहीर, संडासाची टाकी यांच्यापासून लांब ठेवा.

आणखी एक. झाड कुठून आणलं, हेही विचारा. रानातून किंवा कुणाच्या बांधावरून उपटून आणलेली जुनी झाडं बाजारात येतात. शहरी हद्दीत महाराष्ट्राचा १९७५चा झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम लागू आहे, आणि तिथलं झाड काढून दुसरीकडे लावायलाही वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. आपल्या अंगणाच्या शोभेसाठी दुसरीकडचा डोंगर उघडा पाडू नये, असं मला मनापासून वाटतं.

खड्डा झाडाआधी

झाड दारात आल्यावर खड्डा खणायला घेऊ नका. आठवडाभर आधी तयार ठेवा. रुंदी हुंडीच्या दुप्पट-तिप्पट, खोली मात्र हुंडीएवढीच, तसूभरही जास्त नको. तळ भुसभुशीत केला तर झाड पुढे खचतं; तळ घट्टच राहू द्या, कडा मोकळ्या करा. काळ्या रानात ओल्या मातीत टिकाव-फावडं चालवलं की कडा थापल्यासारख्या गुळगुळीत होतात, मुळांना भिंतच. त्या खरवडून घ्या.

खड्ड्यात पाणी भरून बघा. दुसऱ्या दिवशीही पाणी उभं असेल तर तिथे झाड खड्ड्यात लावू नये. अर्धी हुंडी जमिनीवर ठेवून भोवती मातीचा पसरट उंचवटा करावा. तळाला विटांचे तुकडे किंवा खडी घालायची जुनी पद्धत आहे, पण त्याने निचरा होत नाही, पाणी फक्त आत साचायला जागा होते. कोकणात जांभ्यात कोरलेला खड्डा म्हणजे हौदच. उताराच्या बाजूने त्याला वाट करून द्या.

एक प्रसंग सांगतो. माझ्या मावसभावाने शिरूरकडच्या काळ्या रानात एकाच दिवशी दोन बकुळी लावल्या. एक अंगणात, ‘वाऱ्याने पडू नये’ म्हणून वीतभर जास्त खोल. दुसरी बांधाकडे, तिथे खडक लागला म्हणून नाइलाजाने उंच. दिवाळीत अंगणातली पिवळी पडायला लागली. त्याला वाटलं पाणी कमी पडतंय, त्याने आणखी पाणी सोडलं. संक्रांतीला मी गेलो तेव्हा बुंध्याची माती हाताने बाजूला केली. साल तपकिरी झाली होती, अंगठा लावला तर सोललेल्या केळ्यासारखी सरकली आणि साचलेल्या गटारासारखा वास आला. ती वाचली नाही. बांधावरची आज फुलांनी भरते.

म्हणून लावताना बुंधा बघायचा. खोड जिथे खाली रुंद होऊन मुळांत उतरतं, ती जागा जमिनीच्या बरोबरीला किंवा बोटभर वर दिसली पाहिजे. रोपवाटिकेतही पिशवीत वरून माती भरत गेल्यामुळे ती जागा गाडली गेलेली असते. वरची माती काढून ती शोधा, मगच खोली ठरवा.

लावण्याचा दिवस

काळ्या जमिनीत चिखल असताना नको, वाफसा आल्यावर, म्हणजे माती ओलसर पण मोकळी झाल्यावर लावा. आर्द्रा ते पुष्य, म्हणजे जूनअखेर ते जुलैअखेर हा काळ चांगला. पण मावळ-मुळशीत किंवा कोकणात झडीच्या दिवसांत हात लावू नका. पर्जन्यछायेच्या भागात परतीच्या पावसाआधी ऑगस्टअखेरपर्यंत चालतं. दिवस ढगाळ, वेळ संध्याकाळची. झाडाची दक्षिणेकडची बाजू रोपवाटिकेतच खडूने खुणावून ठेवा आणि तीच बाजू दक्षिणेला करा, नाहीतर सावलीत राहिलेली साल उन्हाने भाजते.

हुंडी खड्ड्यात बसली की बांधणी काढा. पूर्वी तागाचं गोणपाट असायचं, ते कुजून जायचं. आता खताच्या किंवा सिमेंटच्या गोण्या आणि नायलॉनची दोरी वापरतात. ती दहा वर्षांनीही कुजत नाही. बाजूंची गोणी पूर्ण कापून काढा, खोडाभोवतीची दोरी तर आधी. ड्रममधल्या हुंडीच्या कडेची थोडीफार गोल फिरलेली मुळं धारदार कोयत्याने वरून खाली तीन-चार ठिकाणी चिरा.

भरताना त्या खड्ड्यातलीच माती वापरा. चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत पाचव्या हिश्शापर्यंत मिसळलं तर पुरे. कच्चं शेणखत अजिबात नको. या दिवसांत हुमणीचे (मुळं खाणाऱ्या अळीचे) भुंगेरे बाहेर पडतात आणि अंडी घालायला त्यांना तेच आवडतं, वाळवीही येते. मूठ-दोन मुठी निंबोळी पेंड चालेल. पहिला हंगाम युरिया, सुफला काही घालू नका, मुळंच नाहीत तर खाणार कोण? निम्मा खड्डा भरल्यावर पाणी सोडा, माती बसू द्या, मग उरलेली भरा. पायाने तुडवू नका. छाटणी फक्त मोडक्या, वाळक्या फांद्यांची. शेंडा मारून ‘तोल साधायचा’ असं सांगतात ते ऐकू नका, पानांवरच तर नवी मुळं पोसायची आहेत.

पाणी

चिकण मातीच्या हुंडीला सगळ्यांत मोठा धोका हा की भोवतालची जमीन ओली असते आणि हुंडी आतून कोरडी. एकदा सुकून ती आक्रसली की कडेने फट पडते आणि आळ्यातलं पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं. वरून बघणाऱ्याला वाटतं, पाणी भरपूर आहे. म्हणून सुरुवातीला पाणी हुंडीवर, बुंध्याच्या जवळ, धार बारीक ठेवून द्यायचं. खोडाच्या दर इंच जाडीला एका वेळी ५ ते ६ लिटर. ३ इंची झाडाला १५ ते १८ लिटर. पावसाची उघडीप असेल तर पहिले दोन-तीन आठवडे रोज, पुढचे दोन महिने एक दिवसाआड. द्यायच्या आधी हुंडीत लोखंडी सळई खुपसून बघा; ओली माती चिकटून आली तर त्या दिवशी थांबा. तिसऱ्या महिन्यापासून आळं बाहेर सरकवत न्या, म्हणजे मुळंही बाहेर येतील.

पालापाचोळ्याचं किंवा उसाच्या पाचटाचं तीन-चार इंच आच्छादन करा, बुंध्यापासून वीतभर जागा मोकळी सोडून. फेब्रुवारीत ऊन तापायला लागलं की दक्षिण-पश्चिमेकडच्या खोडाला गोणपाट गुंडाळा. या पहिल्या उन्हाळ्यात एकही पाळी चुकवू नका. गावी नसाल तर शेजाऱ्याला सांगून ठेवा.

आता बांधावर जागा असलेल्या शेतकऱ्यांसाठी. तामण, बकुळ, कांचन, सीता अशोक यांना चांगली मागणी आहे, पण नीट तयार केलेली झाडं कमी मिळतात. विकायच्या आधीच्या पावसाळ्यात बुंध्याभोवती हुंडीच्या मापाने अर्ध्या वर्तुळाचा चर खणून मुळं कापा, चर खत-मातीने भरा. दोन-तीन महिन्यांनी उरलेलं अर्धं वर्तुळ. हुंडीत तंतुमुळांचं दाट जाळं होतं आणि झाड उचललेलं जाणवतही नाही. अशा झाडाला दोन पैसे जास्त मागा, घेणाऱ्याला चर दाखवा, तो देईल.

शेवटी, नव्या लावलेल्या झाडाला टेकू दिलेला असेल तर तो उंचीच्या खालच्या तिसऱ्या भागात, रुंद पट्टीने आणि थोडा सैल बांधलेला असावा. वाऱ्यात डोलल्यानेच खोड जाड होतं. पुढच्या मृगाला पट्टी सोडून खोड हलवून बघा. बुंध्याशी माती फुटली नाही तर टेकू काढून टाका. फुटली तर आणखी एक पावसाळा राहू द्या, फक्त पट्टी बदला आणि जागा थोडी खाली घ्या.