ऑस्ट्रेलियातल्या माजी मंत्र्याचं करिअर नीट कसं लावायचं: अलाना मॅकटिअर्नन यांचं उदाहरण घेऊन

मागे एकदा ओळखीतल्या एकांना मी अलाना मॅकटिअर्नन यांच्यावर पानभर मजकूर लिहून दिला आणि पहिल्याच ओळीत माती खाल्ली. लिहिलं काय, तर 'वेस्टर्न ऑस्ट्रेलियाच्या माजी राज्यमंत्री'. त्यांनी वाचून सरळ विचारलं, "का हो, कॅबिनेट नाही मिळालं का त्यांना कधी?" बरोबरच आहे की, आपल्याकडे राज्यमंत्री म्हणजे कॅबिनेटच्या खालची पायरी, आणि इथे तर बाई सात-साडेसात वर्षं पूर्ण कॅबिनेट मंत्री होत्या, नंतर परत एकदा झाल्या. तेव्हापासून मी 'राज्य सरकारमधल्या मंत्री' असंच लिहितो. दोन शब्द जास्त जातात, जाऊ देत.

तर अशा माणसाचं करिअर लावायचं असेल तर आधी कॉम्प्युटर नको, एक कागद घ्या आणि आडवा धरून चार रकाने पाडा: तारीख, कुठलं सभागृह, कुठला मतदारसंघ, कुठलं पद. हे रकाने एकमेकांत मिसळायचे नाहीत, सगळा घोळ तिथेच होतो. वेस्टर्न ऑस्ट्रेलियाच्या पार्लमेंटच्या साइटवर आजी-माजी सदस्यांची चरित्र-नोंद असते, सुरुवात तिथून करा, विकिपीडिया नंतर. मॅकटिअर्नन बाईंचा कागद साधारण असा भरतो: १९९३ ला लेजिस्लेटिव्ह कौन्सिलमध्ये (राज्याचं वरचं सभागृह), ईस्ट मेट्रोपॉलिटनमधून. १९९६ ला खालच्या सभागृहात, मतदारसंघ आर्माडेल. २००१ ते २००८ प्लॅनिंग आणि इन्फ्रास्ट्रक्चर खात्याच्या मंत्री. २०१० ला राज्यातली जागा सोडून कॅनिंगमधून फेडरल (म्हणजे देशाच्या संसदेची) निवडणूक, हरल्या. २०११ ते २०१३ व्हिन्सेंटच्या महापौर. २०१३ ते २०१६ पर्थमधून फेडरल खासदार. २०१७ ला परत राज्यात, परत वरच्या सभागृहात, परत मंत्री. २०२२ च्या डिसेंबरमध्ये मंत्रिपद सोडलं आणि पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला सभागृहही.

बघा, हे सरळ शिडीसारखं नाहीये. राज्य, मग फेडरल हरणं, मग नगरपालिका, मग फेडरल जिंकणं, मग परत राज्य. आपल्याकडे आमदाराचा खासदार झाला की 'बढती' म्हणतात, त्या चष्म्यातून हा कागद वाचलात तर २०१७ ची ओळ उतरण वाटेल. पण नीट बघा, फेडरलमध्ये त्या असताना पूर्ण वेळ त्यांची लेबर पार्टी विरोधी बाकांवर होती, म्हणजे मंत्रिपद मिळायचा प्रश्नच नव्हता, आणि राज्यात परत आल्याबरोबर रिजनल डेव्हलपमेंट आणि शेती खातं हातात. आता उतरण म्हणायचं की चढण ते तुम्ही ठरवा, मी तर चढणच म्हणेन.

आता वरच्या सभागृहाबद्दल थोडं थांबूया कारण इथे मराठी माणूस हमखास घसरतो. लेजिस्लेटिव्ह कौन्सिलला आपण विधान परिषद म्हणून टाकतो, शब्द म्हणून चालतंय, पण आपली विधान परिषद म्हणजे आमदारांनी निवडलेले, पदवीधर, शिक्षक, स्थानिक संस्थावाले आणि राज्यपालांनी नेमलेले. वेस्टर्न ऑस्ट्रेलियात तसं काही नाही, तिथे मतदारच थेट निवडून देतात. मॅकटिअर्नन यांच्या २०१७ आणि २०२१ च्या वेळी राज्याचे सहा विभाग होते आणि प्रत्येकातून सहा सदस्य (२०१७ ला त्या नॉर्थ मेट्रोपॉलिटनमधून आल्या, २०२१ ला साउथ वेस्टमधून). २०२५ पासून विभागच गेले, अख्खं राज्य एकच मतदारसंघ आणि ३७ सदस्य. त्यामुळे 'मागच्या दाराने परिषदेत' असलं काही लिहू नका, तिथे मागचं दार नाही.

आणि या कौन्सिलची अजून एक गंमत म्हणजे निवडणूक कधीही होवो, सदस्यांची टर्म २२ मे लाच सुरू होते. म्हणजे २०१७ ची निवडणूक झाली ११ मार्चला, मार्क मॅकगोवन यांच्या लेबर सरकारचा शपथविधी १७ मार्चला, त्यात मॅकटिअर्नन मंत्री, आणि कौन्सिलमधली त्यांची जागा सुरू झाली २२ मे ला. दोन तारखा जुळत नाहीत म्हणून मी पहिल्यांदा एक तारीख चुकीची समजून खोडलीच होती! म्हणून तारखेच्या रकान्यात शेजारी छोटंसं लिहून ठेवा, ही मतदानाची तारीख की शपथेची की टर्मची.

मग नावांचे सापळे. पर्थ नावाचा फेडरल मतदारसंघ आहे आणि पर्थ नावाचा राज्याचाही आहे, दोन्ही वेगळे. मॅकटिअर्नन फेडरल पर्थच्या. व्हिन्सेंटमध्ये त्यांच्यानंतर महापौर झालेले जॉन केरी मात्र २०१७ ला राज्याच्या पर्थमधून आमदार झाले, म्हणजे घोळ किती सहज होतो बघा. महापौर म्हटल्यावर आपल्याला पुणे-मुंबई आठवतं, पण व्हिन्सेंट म्हणजे पर्थ शहराच्या मध्याला लागून असलेली छोटी नगरपालिका, पर्थ महानगरात अशा ढीगभर वेगवेगळ्या कौन्सिल आहेत. 'पर्थच्या महापौर' असं लिहिलं की झालं, चुकलंच. आणि पक्ष: लिबरल पार्टी तिकडे उजवीकडची आहे, नावावर जाऊ नका, आणि लेबरच्या स्पेलिंगमध्ये यू नसतो, सर्च करताना यू टाकून बसलात तर अर्धे निकाल ब्रिटनचे येतील.

जुन्या बातम्यांसाठी सगळे ट्रोव्ह सांगतात, ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल लायब्ररीचं ऑनलाइन भांडार आहे, फुकट आहे, भारी आहे, पण तिथली बहुतेक वर्तमानपत्रं १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंतच आहेत, कॅनबेरा टाइम्स तेवढा १९९५ पर्यंत. १९९३ नंतरच्या पर्थच्या राजकारणाला त्याचा फारसा उपयोग नाही. त्यापेक्षा हॅन्सार्ड उघडा, म्हणजे सभागृहातल्या भाषणांची शब्दशः नोंद. त्यात आधी दोन भाषणं वाचायची, सदस्याचं पहिलं आणि निरोपाचं, आणि मॅकटिअर्नन यांच्यासारख्या बाईंना पहिलं-शेवटचं एकापेक्षा जास्त वेळा आलं असणार कारण सभागृहंच बदलली, म्हणून कुठल्या सभागृहातलं ते बघून घ्या. मग मंत्री असतानाची प्रश्नोत्तरं. मंत्र्याचं स्वतःचं भाषण गुळगुळीत असतं, खरी माहिती विरोधी बाकावरच्या खोचक प्रश्नातून बाहेर पडते.

यानंतर सगळ्यात महत्त्वाचं. सगळी खाती, सगळे निर्णय गोळा करत बसू नका, एकच काम धरा आणि त्याचा माग शेवटपर्यंत काढा. मॅकटिअर्नन यांच्या बाबतीत ते काम म्हणजे पर्थहून दक्षिणेला मँडुरापर्यंत जाणारी मँडुरा रेल्वे, दुसरं शोधायची गरजच नाही. आधीच्या रिचर्ड कोर्ट सरकारचा प्लॅन असा होता की दक्षिणेकडची लाइन जुन्या आर्माडेल लाइनवरून केनविकला फाटा काढून न्यायची, म्हणजे वळसा. २००१ ला जेफ गॅलप यांचं लेबर सरकार आलं आणि हा मार्गच बदलला: पर्थच्या विल्यम स्ट्रीटखालून बोगदा, नॅरोज पुलाशेजारून स्वान नदी ओलांडायची आणि मग थेट क्विनाना फ्रीवेच्या मधोमध. खातं मॅकटिअर्नन यांचं, म्हणजे शिव्याही त्यांनाच. लाइन सुरू झाली २३ डिसेंबर २००७ ला, सुमारे ७० किलोमीटर, तोपर्यंत गॅलप जाऊन अॅलन कार्पेंटर प्रीमियर (म्हणजे राज्याचे मुख्यमंत्री) झालेले. फक्त 'कुणाच्या काळात उद्घाटन' बघितलं तर श्रेय कार्पेंटर यांच्या नावावर पडेल, फक्त 'पहिला प्लॅन कुणाचा' बघितलं तर कोर्ट यांच्या. म्हणून प्रत्येक कामाला तीन तारखा लावा: कुणी ठरवलं, कुणी बदललं, कुणाच्या वेळी चालू झालं.

पर्थला कधी गेलात तर ही लाइन एकदा बसून बघाच, कागदावर कळत नाही ते पाच मिनिटांत कळतं. पर्थ अंडरग्राउंडला जमिनीखाली चढायचं, पुढचं एलिझाबेथ क्वे पण जमिनीखालीच, आणि मग गाडी एकदम उजेडात येते आणि लगेच नदी ओलांडते. कॅनिंग ब्रिजला प्लॅटफॉर्म फ्रीवेच्या दोन्ही लेनच्या मध्ये, दोन्ही बाजूंनी गाड्यांचा नुसता घों घों आवाज, वर पुलावर बस थांबलेल्या. तिथून सुटल्यावर शेजारच्या गाड्या १०० च्या लिमिटमध्ये आणि ट्रेन १३० पर्यंत जाते, त्यामुळे खिडकीतून गाड्या मागे मागे पडताना दिसतात. वळशाच्या मार्गाने हे झालं नसतं. आणि मजा म्हणजे तो टाकून दिलेला केनविककडचा रस्ता पूर्ण वाया पण गेला नाही, २००५ ला तिकडून थॉर्नलीपर्यंत फाटा झाला आणि २०२५ ला तोच पुढे कॉकबर्नला नेऊन मँडुरा लाइनला जोडला.

उरला रिकाम्या जागांचा प्रश्न. कागदावर जिथे काही नाही तिथे पेन्सिलीने गोल करा. २००८ ते २०१० च्या मध्ये मंत्रिपद नाही, कारण सप्टेंबर २००८ ला सरकार हरलं, बाई आमदार होत्याच. २०१० ला आर्माडेल सोडल्यावर तिथे पोटनिवडणूक झाली आणि टोनी ब्युटी आले, हे दुसऱ्या माणसाच्या नोंदीत सापडतं, म्हणून मतदारसंघाच्या पानावर आधीचा आणि नंतरचा सदस्य दोन्ही उघडून बघा, तारखा जुळल्या तरच पेनाने लिहा. आणि 'शॅडो मिनिस्टर' दिसलं तर ते मंत्रिपदाच्या रकान्यात टाकू नका, तो विरोधी पक्षाने नेमलेला सावलीतला मंत्री असतो, त्याच्या हातात ना फाइल ना खातं.