ध्रुवीय प्रदेशात वन्यजीव छायाचित्रकार म्हणून काम कसे करावे

ध्रुवीय प्रदेशात छायाचित्रकाराचे सगळे नियोजन एका गोष्टीभोवती फिरते, ती म्हणजे प्राण्यापासून राखायचे अंतर. नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहात १ जानेवारी २०२५ पासून ध्रुवीय अस्वलापासून किमान ३०० मीटर, आणि १ मार्च ते ३० जून या काळात किमान ५०० मीटर दूर राहणे कायद्याने बंधनकारक आहे. अस्वल स्वतःहून जवळ आले, तरी मागे सरकण्याची जबाबदारी माणसाचीच असते. याचा चौकटीवर काय परिणाम होतो, हे निघण्यापूर्वीच कागदावर मांडून पाहावे. फुल-फ्रेम (३६ मिलिमीटर रुंद सेन्सरच्या) कॅमेऱ्याला ६०० मिलिमीटरची लेन्स लावली, तर ५०० मीटरवर चौकटीत सुमारे ३० मीटर रुंदीचा पट्टा मावतो. त्यात अडीच मीटर लांबीचे अस्वल चौकटीच्या बाराव्या भागाएवढे दिसते. चेहऱ्याचे जवळून घेतलेले चित्र मनात ठेवून जो जातो, त्याच्या हाती अशा वेळी निराशा येते आणि नियम मोडण्याचा मोहही त्यातूनच निर्माण होतो. माझ्या मते या अंतराचा स्वीकार करून, प्राणी आणि त्याच्या भोवतीचे बर्फ, पाणी, आकाश यांचे मिळून एक चित्र रचायला शिकणे हे या कामातले मुख्य कौशल्य आहे. फुटत चाललेल्या समुद्री बर्फाच्या कडेवर चालणारे लहानसे अस्वल त्या प्राण्याच्या जगण्याविषयी जे सांगते, ते नुसत्या चेहऱ्याच्या चित्राला सांगता येत नाही.

हंगाम आणि ठिकाण

कोणता प्राणी आणि त्याची कोणती कृती टिपायची आहे, हे आधी ठरवावे. जागा आणि महिना त्यावरून आपोआप ठरतात. अंटार्क्टिक द्वीपकल्पावर नोव्हेंबरमध्ये पेंग्विनांच्या जोड्या जमतात, घरट्यांसाठी खडे गोळा होतात आणि बर्फ अजून स्वच्छ असतो. डिसेंबरच्या अखेरीपासून पिल्ले दिसू लागतात, पण त्याच सुमारास वसाहतींची जमीन विष्ठेने आणि चिखलाने भरते. फेब्रुवारी-मार्चमध्ये कुबड्या देवमाशांची संख्या वाढते आणि सूर्य पुन्हा खाली उतरू लागल्याने प्रकाशही मऊ होतो. दक्षिण जॉर्जिया बेटावरील किंग पेंग्विनांचे प्रजननचक्र वर्षाहून अधिक लांबीचे असल्यामुळे तिथे मोठी तपकिरी पिल्ले आणि अंडी उबवणारे प्रौढ पक्षी एकाच भेटीत पाहायला मिळतात. एम्परर पेंग्विन मात्र अंटार्क्टिक हिवाळ्यात वीण करतो. मादी मे-जूनमध्ये अंडे घालते आणि नर सुमारे दोन महिने काहीही न खाता ते पायांवर उबवतो. त्या वसाहतींपर्यंत पोहोचणे अतिशय खर्चिक आणि हवामानावर अवलंबून असल्यामुळे सुरुवातीच्या काळात तो विचार बाजूला ठेवलेला बरा.

उत्तरेकडे अस्वलाच्या माद्या मार्च-एप्रिलमध्ये पिल्लांसह बिळातून बाहेर येतात. कॅनडातील चर्चिल येथे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हडसन उपसागर गोठण्याची वाट पाहत अस्वले किनाऱ्यावर थांबतात, त्यामुळे नवख्या छायाचित्रकाराला शिकण्यासाठी ते ठिकाण सोयीचे आहे. स्वालबार्डच्या लाँगयिअरब्येनमध्ये एप्रिलच्या उत्तरार्धापासून ऑगस्टच्या उत्तरार्धापर्यंत सूर्य मावळतच नाही. या काळात सर्वांत चांगला प्रकाश मध्यरात्रीच्या सुमारास मिळतो, म्हणून झोपेचे वेळापत्रक उलटे करण्याची तयारी ठेवावी.

परवानग्या आणि जमिनीवरची शिस्त

अंटार्क्टिका कोणत्याही एका देशाच्या ताब्यात नाही. तिथला कारभार १९५९ मध्ये स्वाक्षऱ्या झालेल्या अंटार्क्टिक करारानुसार चालतो आणि पर्यावरणाचे रक्षण १९९१ च्या माद्रिद प्रोटोकॉलनुसार (त्या कराराला जोडलेल्या पूरक करारानुसार) होते. आयाटो या पर्यटन व्यावसायिकांच्या संघटनेच्या सदस्य जहाजातून गेल्यास परवानगीचे काम जहाज कंपनी करते. खासगी नौकेने किंवा स्वतंत्र प्रकल्पासाठी जायचे असल्यास संबंधित देशाच्या सक्षम अधिकाऱ्यांकडून आधी परवानगी घ्यावी लागते. एका जागी एका वेळी १०० पेक्षा जास्त प्रवाशांना उतरता येत नाही आणि ५०० पेक्षा जास्त प्रवासी असलेल्या जहाजावरून कोणालाच उतरता येत नाही. त्यामुळे जहाज निवडताना प्रवासीसंख्या जितकी कमी, तितका किनाऱ्यावर मिळणारा वेळ जास्त, हे लक्षात ठेवावे. माझ्या दृष्टीने खोलीच्या सोयींपेक्षा हा निकष कितीतरी महत्त्वाचा आहे. ड्रोन पर्यटकांना किनारी भागात वापरता येत नाही; व्यावसायिक कामासाठी स्वतंत्र परवानगी लागते.

अलीकडच्या वर्षांत एका गोष्टीने कामाची पद्धतच बदलली आहे. अतिसंसर्गजन्य बर्ड फ्लू २०२३ मध्ये दक्षिण जॉर्जियावर आणि २०२४ मध्ये अंटार्क्टिक मुख्य भूमीच्या परिसरात आढळला. रोगाचा प्रसार माणसांच्या कपड्यांतून होऊ नये म्हणून प्राण्यांच्या वावराच्या जागी गुडघे टेकणे, उकिडवे बसणे, आडवे होणे किंवा पिशवी जमिनीवर ठेवणे यांवर बंदी आहे. वन्यजीव छायाचित्रणात प्राण्याच्या डोळ्यांच्या पातळीवरून टिपण्याला मोठे महत्त्व असल्याने ही अडचण खरी आहे, पण तिच्यावर मार्ग आहेत. कॅमेऱ्याचा बाहेर वळणारा पडदा वरच्या दिशेने वळवून, मोनोपॉड (एकपायी आधार) उलटा हातात धरून कॅमेरा जमिनीला टेकू न देता खाली सोडावा आणि उभ्यानेच चौकट जुळवावी. दुसरा आणि अधिक चांगला मार्ग रबरी बोटीचा आहे: बोटीत बसल्यावर नजर पाण्याच्या पातळीच्या जवळ येते आणि किनाऱ्यावरच्या पेंग्विनांचे चित्र आपसूकच त्यांच्या उंचीवरून मिळते. उतरण्यापूर्वी बूट जंतुनाशकात बुडवले जातात. त्याच वेळी ट्रायपॉडचे पाय, पिशवीचे पट्टे आणि वेल्क्रोमध्ये अडकलेली बियाणे व माती तपासून काढणे ही छायाचित्रकाराची स्वतःची जबाबदारी आहे.

पेंग्विनांपासून किमान ५ मीटर आणि फर सीलपासून किमान १५ मीटर दूर राहावे, असा तिथला दंडक आहे. मात्र मीटर मोजून भागत नाही. प्राण्याची देहबोली वाचता यायला हवी. घरट्यावरचा पेंग्विन मान तिरकी करून एकेका डोळ्याने सारखा बघू लागला, किंवा अंड्यावरून उठू लागला, की नियमाचे अंतर पाळलेले असले तरी मागे व्हावे. तो उठल्यावर अंडे उघडे पडते आणि वर घिरट्या घालणाऱ्या स्कुआ पक्ष्याला तेवढी संधी पुरते. समुद्राकडे जाणाऱ्या पेंग्विनांच्या पायवाटेत उभे राहू नये. मऊ बर्फात आपला पाय गुडघ्यापर्यंत रुतला, तर तो खड्डा लगेच बर्फाने भरून टाकावा, कारण त्या खड्ड्यात पडलेल्या पेंग्विनाला बाहेर येणे कठीण जाते. बर्फावर पहुडलेल्या सीलने डोके उचलून रोखून पाहिले, तर तिथेच थांबावे.

स्वालबार्डमध्ये वस्तीबाहेर पडताना अस्वलाला पळवून लावण्याचे साधन, म्हणजे सिग्नल पिस्तुलासारखे काही, सोबत असणे सक्तीचे आहे आणि बंदूक बाळगण्याची शिफारस केली जाते. पहारा देण्याचे काम छायाचित्रकाराने स्वतःकडे कधीही घेऊ नये. व्ह्यूफाइंडरला डोळा लावलेल्या माणसाला मागून येणारे अस्वल दिसत नाही. त्यासाठी कॅमेरा हातात नसलेला अनुभवी वाटाड्याच हवा. आणखी एक स्थानिक नियम सहज विसरला जातो: न्यू-ओलेसुंद हे संशोधन केंद्र रेडिओ-शांतता क्षेत्रात येते, म्हणून तिथे पोहोचण्यापूर्वी कॅमेऱ्याचे आणि घड्याळाचेही ब्लूटूथ व वाय-फाय बंद करावे.

थंडीत कॅमेरा सांभाळणे

थंडीमुळे लिथियम बॅटरीतील रासायनिक क्रिया मंदावते आणि भरलेली बॅटरीही अचानक रिकामी दाखवते. ती फेकून देऊ नये. शरीराच्या उबेत ठेवल्यावर तिची बरीचशी शक्ती परत येते. दोन-तीन जादा बॅटऱ्या जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवून आलटून-पालटून वापराव्यात. गोठणबिंदूखालच्या तापमानात असलेली बॅटरी मात्र कधीही चार्ज करू नये, कारण त्याने तिचे कायमचे नुकसान होते. आधी ती खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी.

कॅमेऱ्याला थंडीपेक्षा थंडीतून उबेत येण्याचा धोका अधिक असतो. उबदार, दमट केबिनमध्ये गार कॅमेरा नेला की त्यावर आणि कधी कधी त्याच्या आतही दव जमते. म्हणून बाहेर असतानाच कार्ड आणि बॅटरी काढून घ्यावी, कॅमेरा लेन्ससह हवाबंद पिशवीत घालावा, पिशवीतील हवा दाबून काढावी आणि मगच आत यावे. दव पिशवीच्या बाहेरच्या अंगावर जमते. कॅमेरा पूर्णपणे खोलीच्या तापमानाला येईपर्यंत, म्हणजे दोन-तीन तास तरी, पिशवी उघडू नये. कार्ड आधीच काढलेले असल्याने चित्रे पाहण्यासाठी ती उघडण्याची घाई होत नाही.

लेन्सवर पडलेला हिमकण तोंडाने फुंकू नये; श्वासातील वाफ काचेवर तत्काळ गोठते. रबरी ब्लोअर किंवा मऊ ब्रश वापरावा. व्ह्यूफाइंडरमध्ये पाहताना श्वास खाली सोडण्याची सवय लावावी. उघड्या त्वचेचा धातूला स्पर्श होऊ देऊ नये. ब्रिटिश शोधक रॉबर्ट स्कॉट यांच्या १९१०-१३ च्या अंटार्क्टिक मोहिमेतील छायाचित्रकार हर्बर्ट पाँटिंग यांची जीभ कॅमेऱ्याच्या धातूच्या भागाला चिकटली आणि सोडवताना तिची त्वचा निघाली. आजचे कॅमेरे बदलले असले, तरी थंडीतला धातू तसाच आहे. ट्रायपॉड कार्बन फायबरचा घ्यावा, किंवा त्याच्या पायांवर फोमचे आवरण चढवावे.

दूरच्या प्राण्याची चित्रे अस्पष्ट येण्याचे कारण बऱ्याचदा फोकस नसून हवा असते. गार बर्फ आणि त्यामानाने उबदार पाणी यांच्यावरील हवेचे थर वेगवेगळ्या तापमानाचे असतात आणि त्यांतून येणारा प्रकाश मृगजळासारखा लहरतो. लांब लेन्समध्ये हे फार जाणवते. यावर महागडी लेन्स हा उपाय नाही. लेन्स बाहेरच्या तापमानाला येऊ द्यावी, जहाजाच्या धुराड्याच्या किंवा उबदार दाराच्या दिशेने चित्रे घेऊ नयेत, आणि तरीही लहर दिसत असेल तर रुंद चौकटीकडे वळावे.

बर्फामुळे कॅमेऱ्याचा प्रकाशमापक फसतो आणि पांढरे दृश्य करड्या रंगात उतरवतो. एक ते दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) एक्स्पोजर वाढवणे ही सर्वसाधारण सुरुवात झाली, पण निर्णय हिस्टोग्राम, म्हणजे चित्रातील उजेड-अंधाराचा आलेख, पाहूनच घ्यावा. पेंग्विनाच्या छातीवरचा शुभ्र रंग जास्त प्रकाशाने एकदा जळाला की त्यातील पिसांचा पोत परत मिळत नाही, तर काळ्या पाठीतील तपशील रॉ फाइलमधून (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ नोंदीतून) बऱ्यापैकी वर आणता येतो. ढगाळ दिवस इथे वरदान आहे. अस्वलाचा पिवळसर रंग निळसर बर्फापासून अशाच प्रकाशात नीट वेगळा उठून दिसतो.

बोटीत ट्रायपॉडचा उपयोग नाही. शटर १/२००० सेकंदाच्या आसपास ठेवावे, गुडघे सैल ठेवून कंबरेपासून वरचे शरीर स्थिर राखावे आणि दोन कॅमेऱ्यांवर दोन लेन्स लावून न्याव्यात, म्हणजे खाऱ्या तुषारांत लेन्स बदलावी लागत नाही. परतल्यावर गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या कापडाने मीठ पुसून काढावे.

शरीर

तापमान उणे २० अंश सेल्सिअस असताना ताशी ३० किलोमीटर वारा वाहत असेल, तर उघड्या त्वचेला उणे ३३ अंशांसारखी थंडी लागते. पातळ आतले हातमोजे आणि त्यावर जाड मिटन (चारही बोटे एकत्र राहणारा हातमोजा) अशी जोडी वापरावी. बटणे दाबताना फक्त मिटन काढावे. सुती कपडे घाम धरून ठेवतात, म्हणून अंगालगत लोकरीचा थर हवा. बोटांची टोके पांढरी आणि बधिर झाली, तर समोर कोणताही प्राणी असो, काम थांबवून हात काखेत घ्यावेत. ते चोळू नयेत.

व्यवसाय म्हणून

केवळ चित्रे विकून या प्रवासांचा खर्च निघणे दुर्मीळ आहे. बहुतेक छायाचित्रकार मोहिमेच्या जहाजावर मार्गदर्शक किंवा प्रशिक्षक म्हणून काम करतात आणि त्याच्या जोडीला नियतकालिके, छापील प्रती, व्याख्याने व संशोधन प्रकल्पांसाठीचे दस्तावेजीकरण यांतून उत्पन्न मिळवतात. जहाजावर काम मिळण्यासाठी छायाचित्रणाइतकेच महत्त्व रबरी बोट चालवणे, प्रथमोपचार आणि प्राण्यांचे ज्ञान यांना असते. हे प्रशिक्षण आधी घ्यावे. दूरच्या ठिकाणाहून रुग्णाला हलवण्याचा खर्च भरून देणारा विमा नसल्यास निघूच नये.

दररोज रात्री चित्रांच्या दोन प्रती वेगवेगळ्या डिस्कवर कराव्यात आणि त्या वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवाव्यात. १९१५ मध्ये अंटार्क्टिक शोधक अर्नेस्ट शॅकल्टन यांचे एन्ड्युरन्स जहाज बर्फात चिरडले गेल्यावर मोहिमेचे छायाचित्रकार फ्रँक हर्ली यांनी चित्रांच्या काचेच्या प्लेट्स (निगेटिव्ह) गार पाण्यातून बाहेर काढल्या. वजनामुळे त्यांतील सुमारे १२० ठेवून ४०० च्या आसपास फोडाव्या लागल्या. आज प्रत बनवणे इतके सोपे असताना ती न बनवणे हा निव्वळ हलगर्जीपणा ठरतो.

फोटोओळ लिहिताना प्रजाती, ठिकाण, दिनांक आणि प्राणी काय करत होता हे अचूक नोंदवावे. अस्वलाच्या बिळाची किंवा दुर्मीळ पक्ष्याच्या घरट्याची चित्रे प्रसिद्ध करताना फाइलमधील जीपीएस नोंद काढून टाकावी. देवमाशांच्या बाबतीत मात्र ठिकाणाची नोंद जपावी. कुबड्या देवमाशाच्या शेपटीच्या खालच्या बाजूवरील पांढऱ्या-काळ्या खुणा प्रत्येकाच्या वेगळ्या असतात, आणि हॅपीव्हेलसारख्या प्रकल्पाकडे असे चित्र पाठवल्यास तोच प्राणी पूर्वी कुठे दिसला होता हे कळू शकते. त्यासाठी तो बुडी मारताना मागच्या बाजूने, शेपटी पूर्ण उचलली गेल्याच्या क्षणी चित्र घ्यावे, आणि कॅमेऱ्याचे घड्याळ प्रवासाच्या पहिल्या दिवशी जागतिक प्रमाणवेळेशी जुळवून शेवटपर्यंत तसेच ठेवावे.