ऑटो की मॅन्युअल? आधी बघा, उजेड बदलतोय की बॅकग्राउंड

फोटोग्राफी शिकायला लागलं की कोणीतरी सांगतंच, ऑटोवर काय काढतोस, एम (मॅन्युअल) मोडवर ये. आता एम मोडवर येऊन तुम्ही मीटरचा (कॅमेऱ्यात उजेड मोजतो तो) काटा शून्यावर आणला आणि क्लिक केलं, तर फोटो साधारण तोच येणार जो ऑटोने दिला असता, कारण मीटर तोच आहे, डायल फिरवायची मेहनत तेवढी तुमची.

मीटर समोरचं सगळं मधल्या करड्या छटेचं (ते १८ टक्के ग्रे म्हणतात ना, ते) आहे असं धरून चालतो. नाशिकचं काळाराम मंदिर बाहेरून फ्रेम भरून काढून बघा. सगळा काळा दगड, मीटरला वाटतं उजेड कमी आहे, तो एक्स्पोजर (फोटोत घ्यायचा उजेड) वाढवतो आणि दगड राखाडी, धुरकट येतो. कॉम्पेन्सेशन (मीटरच्या हिशोबापेक्षा फोटो उजळ किंवा गडद करायचा डायल) -१ स्टॉप करा, म्हणजे उजेड निम्मा, काळा परत काळा. फ्रेमभर पांढरं असेल तर उलटं, +१ च्या आसपास. मॅट्रिक्स मीटरिंग (फ्रेमचे वेगवेगळे भाग मोजणारं, निकॉनने १९८३ मध्ये एफए कॅमेऱ्यात आणलं) यातलं बरंच सावरून घेतं, सगळं नाही.

मग मॅन्युअल कधी? उजेड तोच आहे आणि फक्त मागचं बदलतंय, तेव्हा.

नांदूर मध्यमेश्वर घ्या, आपल्या निफाड तालुक्यातलं, २०२० मध्ये राज्यातली पहिली रामसर साइट (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) झालेलं. हिवाळ्यात स्वच्छ ऊन पडलेलं असतं, बगळा गडद पाण्यावर उभा, मीटर पाणी बघून एक्स्पोजर वाढवतो आणि बगळ्याची पिसं पार जळतात, नुसता पांढरा डाग. तोच बगळा उडून आकाशात गेला की मीटर आकाश बघून एक्स्पोजर पाडतो, बगळा काळपट. अरे ऊन तेच, बगळा तोच! इथे कॉम्पेन्सेशनचा डायल फिरवत बसलात तर पक्षी गंगापूर धरणावर पोचेल.

तर एम मोड लावा आणि ऑटो आयएसओ (आयएसओ म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता) बंद करा, हे फार जण विसरतात, मग नावाला मॅन्युअल आणि आतून आयएसओ कॅमेराच ठरवतोय. भर उन्हात अ‍ॅपर्चर एफ १६ ठेवलं तर शटर स्पीड एक छेद आयएसओ सेकंद, हा जुना हिशोब. म्हणजे आयएसओ ४०० ला एफ १६ वर १/४००, एफ ८ वर १/१६००. एक टेस्ट शॉट काढा, हायलाइट वॉर्निंग (जळालेला भाग स्क्रीनवर लुकलुकतो ती) चालू ठेवा, पिसं लुकलुकली तर १/२००० करा, मग काटा काय म्हणतो तिकडे बघूच नका. सकाळी सूर्य खाली असताना हा हिशोब चालत नाही, तेव्हा एखाद-दोन स्टॉप जास्त लागतात. काळाकुट्ट वारकरी पक्षी जरा अंधारा येईल, येऊ दे, रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) सावली उचलता येते, जळालेली पिसं नाही.

आणि उजेडच बदलतोय तिथे गपचूप ऑटो. रंगपंचमीला जुन्या नाशकात रहाडीकडे (रंगाच्या पाण्याचा हौद) जाताना बोळीत सावली, चौकात ऊन, परत सावली, तिथे मॅन्युअल म्हणजे हौस. ए मोड (अ‍ॅपर्चर तुमचं, शटर कॅमेऱ्याचं), ऑटो आयएसओ, मिनिमम शटर १/२५०, आणि कॅमेऱ्याला प्लास्टिक गुंडाळा.

रामकुंडावरची संध्याकाळची आरती मधली केस आहे. ज्योत फ्रेममध्ये मोठी आली की ऑटो दचकतो आणि चेहरे काळे पडतात. स्पॉट मीटरिंगने (फ्रेमचा छोटासा ठिपकाच मोजणारं) चेहऱ्यावर रीडिंग घ्या, एई लॉक (एक्स्पोजर तिथेच धरून ठेवणारं बटण) दाबा, मग फ्रेम करा. ज्योत जळाली तर जळू दे. एम वर असाल तर दर थोड्या वेळाने परत रीडिंग घ्या, अंधार भराभर पडतो.

गोदावरीतला दुतोंड्या मारुती काढताना (पाणी मूर्तीवर कुठवर चढलं त्यावरून पूर मोजतात, म्हणजे पुराचं मीटर तो, आपण दुसरं मीटर घेऊन जातो) आरजीबी हिस्टोग्राम (लाल, हिरवा, निळा यांचे उजेडाचे वेगवेगळे आलेख) लावा. साधा हिस्टोग्राम ठीक दाखवतो, पण शेंदराचा लाल चॅनल आधीच उजव्या भिंतीला चिकटलेला असू शकतो, तसं दिसलं तर अर्धा-पाऊण स्टॉप खाली या.